‘सिनिअर दॅन’ नव्हे, ‘सिनिअर टू’

फोर्टमधील एका कार्यालयात काम करणाऱ्या वाचकांनी विचारले आहे, की ‘ही इज सिनिअर दॅन मी’ असे सहकारी सर्रास म्हणतात ते बरोबर आहे काय, आणि ‘एल्डर’ व ‘ओल्डर’ यांत फरक कोणता.

ते वाक्य चुकीचे आहे. ‘सिनिअर टू मी’ असेच म्हटले पाहिजे. मुंबईत नोकरीच्या मुलाखतीपासून निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत हे ‘दॅन’ इतके बिनदिक्कत कानावर पडते, की त्याची आता चीड येते. त्याचे मूळ मला मराठीतच दिसते. आपले विशेषण तुलनेसाठी रूप बदलत नाही. ‘उंच’ हे ‘उंच’च राहते आणि तुलनेचा सगळा भार एकटे ‘पेक्षा’ वाहते. त्यामुळे ‘पेक्षा’ मनात आले की ‘दॅन’ लिहायचे, ही सवय शाळेतच जडते.

त्यावर ‘ओआर’ने संपणाऱ्या विशेषणापुढे ‘टू’ लावा, एवढे सांगून व्याकरणाच्या मार्गदर्शिका मोकळ्या होतात. हा नियम दिशाभूल करणारा आहे, कारण ‘मायनर’ हेही त्याच घडणीचे असून ‘मायनर टू’ असे कोणी म्हणत नाही. विद्यार्थ्याला सांगायचे ते हे, की लॅटिनमध्ये ‘सेनेक्स’ म्हणजे वृद्ध आणि ‘सेनिओर’ म्हणजे अधिक वृद्ध. तुलना शब्दाच्या पोटातच आहे. हा ‘सेनेक्स’ वैदिक ‘सन’ म्हणजे ‘जुना’ या शब्दाचा सगोत्र आहे, तर ‘ज्युनिअर’च्या मुळाशी असलेला ‘युवेनिस’ आपल्या ‘युवन्’चा. ‘स्वर्गादपि गरीयसी’ हे वचन प्रत्येक मराठी माणसाला पाठ असते. त्यातील ‘ईयस्’ आणि लॅटिन ‘इओर’ हे प्रत्यय एकाच मुळाचे आहेत. त्याचप्रमाणे ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘वरिष्ठ’ यांतील ‘इष्ठ’ आणि ‘ओल्डेस्ट’मधील ‘एस्ट’ हेही एकच. म्हणजे लोकलमधील राखीव आसनांवर ज्यांचा हक्क असतो, ते इंग्रजीत ‘सिनिअर सिटिझन’ या नात्याने तुलनावाचक आणि मराठीत ‘ज्येष्ठ नागरिक’ या नात्याने मुळात श्रेष्ठतावाचक ठरतात, आणि दोन्ही भाषांत तो मूळ दर्जा आता कोणाला जाणवत नाही. कार्यालयात दिवसभर उच्चारला जाणारा ‘सर’ हा शब्दही जुन्या फ्रेंचमार्गे याच ‘सेनिओर’पासून आला आहे.

‘अ मोअर सिनिअर ऑफिसर’ हा प्रयोग आजच्या इंग्रजीत रूढ आहे, आणि त्याच्या आधारे काही अभ्यासक ‘सिनिअर दॅन’चेही समर्थन करतात. हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. ‘मोअर सिनिअर दॅन’मधील ‘दॅन’ हे ‘मोअर’मुळे येते, ‘सिनिअर’मुळे नव्हे, ‘मोअर’ काढले की त्याला तेथे राहण्याचे कारणच उरत नाही.

राहिला ‘एल्डर’. तो मुख्यतः कुटुंबातील थोरल्यासाठी, नामाच्या आधी येतो, जसे ‘माय एल्डर ब्रदर’. जेथे ‘दॅन’ हवे, तेथे ‘ओल्डर’च वापरावा.