मावशी म्हणते, त्या भागात आम्हीही जात नाही

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी सोलापुरात बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर अटलांटाला मावशीकडे राहून आली आणि आता म्हणते, अमेरिकेत शिकून कृष्णवर्णीय वस्त्यांत समुपदेशनाचं काम करायचं. मावशी म्हणते, 'त्या भागात आम्हीही जात नाही.' तुम्ही विचारता, यात पोट भरेल का, प्लॉट विकावा का. आणि शेवटच्या ओळीत, 'त्यांचं दुःख त्यांनी बघावं, आपल्या पोरीनं कशाला?'

ही शेवटची ओळ आधी घेते.

१८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामांचं पळून जाणं हा मानसिक आजार ठरवला. 'ड्रेपटोमेनिया' असं भारदस्त नाव दिलं, आणि उपायांत चाबूकही सुचवला! पुढे १९३२ ते १९७२, म्हणजे ४० वर्षं, अलाबामातल्या टस्कीगीत सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना 'अभ्यासा'साठी धरून ठेवलं. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यावरचं औषध, पेनिसिलिन, हाताशी आलं तरी ते त्यांना दिलं नाही. अशा समाजातली एखादी आजी नातवाला 'डॉक्टर नको, पाद्रीबाबांशी बोल' म्हणते, तेव्हा तिला अडाणी कसं म्हणायचं? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, म्हणजे तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, वर्णद्वेषातल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये.

पण तुमच्या मुलीने शिकायचं ते याच्या पुढचं आहे. हा समाज माफीची वाट बघत बसला नाही. मेमी क्लार्क आणि त्यांचे पती केनेथ, दोघेही कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ. त्यांनी लहान मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवून विचारलं, चांगली कुठली, वाईट कुठली? बहुतेक काळ्या मुलांनी गोरीला चांगली म्हटलं. १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केनेथ क्लार्कच्या कामाचा दाखला दिला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला जास्त मोठं वाटतं ते त्याआधीचं: १९४६ मध्ये या दोघांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी नॉर्थसाइड केंद्र काढलं. त्याच वर्षी हार्लेममधल्याच एका चर्चच्या तळघरात मानसोपचाराचं लफार्ग क्लिनिक सुरू झालं. फी २५ सेंट. आज तर काही शहरांत केस कापणाऱ्या कारागिरांना मन ऐकायचं प्रशिक्षण देतात, कारण तरुण पोरगा डॉक्टरपुढे जे बोलत नाही ते खुर्चीत मान खाली घालून बोलतो.

'आपला काय संबंध' म्हणाल, तर जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांनाच अर्पण केली होती. मात्र अर्पणपत्रिका लिहिणं वेगळं आणि रोज आठ तास समोरच्याचं ऐकत बसणं वेगळं. तिथे तुमची मुलगी बाहेरचीच असणार. तिच्यावर विश्वास का ठेवायचा, हे लोक विचारणार, आणि त्यांनी विचारावंच.

आता पोटाचं. पोट भरतं, बंगला होत नाही.

थेट लोकांत बसायचं असेल तर समाजकार्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी हा सरळ रस्ता. अडचण नंतर येते. स्वतंत्रपणे उपचार करण्याचा परवाना हवा असेल तर बहुतेक राज्यांत पदवीनंतर दोन-तीन वर्षं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. विद्यार्थी व्हिसावर मात्र पदवीनंतर कामाला १२ महिने मिळतात. स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांना आणखी २४ मिळतात, पण समाजकार्य बहुधा त्यात बसत नाही. मधल्या काळात मालकाने व्हिसा काढून दिला तर ठीक, नाहीतर परवाना अर्धवट सोडून परत. हे एजंट सांगत नाहीत. दुसरा रस्ता पीएच.डी.चा: पाच-सहा वर्षं, प्रवेश फार अवघड, पण अनेक ठिकाणी फी माफ आणि वर विद्यावेतन.

म्हणून प्लॉट आत्ता विकू नका. आधी इथे पदव्युत्तर शिक्षण घेऊ द्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत प्रयत्न करावा. मग दोन वर्षं काम, तेही सोलापूरच्या अशा वस्तीत, जिचं नाव काढलं की आपल्याकडेही कोणी ना कोणी मावशीचंच वाक्य म्हणतं. तिथे टिकली, तर पीएच.डी.च्या अर्जात लिहायला खरं काहीतरी असेल. तिथे कंटाळली, तर प्लॉट वाचला.

मावशीला एक सांगा. त्यांच्याच शहरात क्लार्क अटलांटा विद्यापीठ आहे, कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठांपैकी एक. तिथल्या समाजकार्याच्या शिक्षणाची सुरुवात १९२० मधली. पुढच्या वेळी भाचीला मॉलऐवजी तिथे घेऊन जा म्हणावं.

आणि मुलीने प्रवेशासाठी निबंध लिहायला घेतला असेलच. तो मला पाठवू दे. पहिल्या परिच्छेदात 'मला त्यांना मदत करायची आहे' असं असेल, तर पाठवण्याआधी तेवढं खोडायला सांगा.