डबलनंतरचा पास

प्रश्न: ब्रिजच्या डावात भिडूने १५-१७ गुणांचा (गुण म्हणजे मोठ्या पानांची ताकद) एक नो-ट्रम्प, म्हणजे हुकमाशिवाय सात हात करण्याची बोली, उघडला, उजवीकडच्याने डबल (किंमत वाढवणारं आव्हान) दिला. माझ्याकडे ३ गुण. इस्पिक आणि किलवर चार-चार. मी पास केला, डावीकडूनही पास, भिडूने रीडबल (डबलवर आणखी चढवणारा) दिला आणि मी पुन्हा पास. व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त अशी स्थिती) असताना दोन हात कमी पडले, १००० गेले. भिडू म्हणतो, पासवर रीडबल करणं त्याला भागच होतं. चूक कोणाची?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: दोघं दोन वेगळ्या पद्धती खेळत होतात. बोलणं आधीच व्हायला हवं होतं. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात ते होतं.

साध्या पद्धतीत पास म्हणजे ‘राहू दे इथेच’. रीडबल ताकदीचा, साधारण ६ गुणांपासून, कारण मग पत्त्यांतल्या एकूण ४० गुणांपैकी किमान २१ आपल्याकडे. दोनची कुठलीही बोली म्हणजे पळ.

भिडूच्या पद्धतीत पास रीडबल मागतो. पानं चांगली असतील तर त्यावर पास करायचा. सात हात झाले की ५६०, व्हल्नरेबल असाल तर ७६०. पानं कमकुवत असतील तर मात्र तिथून निघायचंच. तुमच्या पानांवर दोन किलवर म्हणायचं होतं: किलवर आणि एक मेजर (बदाम किंवा इस्पिक). दोन चौकट म्हणजे चौकट-इस्पिक. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक या क्रमातले लगतचे दोन रंग असतील तर पास न करता खालचा रंग थेट बोलायचा. एकच लांब रंग असेल तर स्वतः रीडबल. भिडू दोन किलवर म्हणतो, तुम्ही पास करता किंवा आपला रंग सांगता.

या पद्धतीची किंमत अशी की नुसत्या डबलवर एक नो-ट्रम्प खेळताच येत नाही. चार रंगांत ४-३-३-३ पानं आणि ५ गुण असले की हे फार बोचतं. सात हात होऊन मिळणारे १८० सोडावे लागतात. म्हणून १५-१७ ला साधी पद्धत घ्या, १२-१४ ला ही. तिथे पळायची वेळ खूपदा येते.

डावीकडचा मध्येच बोलला, तर रीडबलचं बंधन संपलं. आणि डबल दंडाचाच (तुमची बोली पाडण्यासाठीचा) आहे ना, हे आधी विचारा. तो एखादा रंग दाखवणारा असेल तर हे सगळं बंद, नो-ट्रम्पवरच्या तुमच्या नेहमीच्या सांकेतिक बोली, स्टेमन आणि ट्रान्सफर, चालू.

रीडबल मागणारा पास प्रतिस्पर्ध्यांना कळवायलाच हवा. तो नेहमीच्या गतीने करा. रेंगाळून केलेल्या पासवरून भिडूला काही ताडता येत नाही, नियमच तसा आहे.