वाचक विचारतात : धूर, अग्नी आणि उपाधी

प्रश्न : न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, धुरावरून अग्नीचे अनुमान चालते, मग अग्नीवरून धुराचे का चालत नाही?

उत्तर : तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यामुळे. त्यात अग्नी आहे, धूर नाही. व्याप्ती, म्हणजे ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हा अटळ संबंध, तिथेच तुटते. (गॅसच्या शेगडीवाल्यांना गोळाही शोधायला नको.) धुराला अग्नीखेरीज ओले सरपण लागते. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्रावरील ग्रंथात यालाच उपाधी, म्हणजे अनुमानामागे दडलेली जादा अट, म्हटले आहे. ती ओळखायची कसोटी दुहेरी : जिथे साध्य (जे सिद्ध करायचे ते), म्हणजे धूर, तिथे ओले सरपण असतेच, पण जिथे हेतू (ज्यावरून सिद्ध करायचे ते), म्हणजे अग्नी, तिथे ते असेलच असे नाही. बहुतेक जण पहिला भाग तपासून थांबतात, आणि फसतात. चुलीपाशी अग्नी आणि धूर शंभरदा एकत्र दिसले तरी व्यभिचाराचे, म्हणजे हेतू असून साध्य नसल्याचे, एक उदाहरण व्याप्ती मोडायला पुरते.