तिसरीतल्या मुलीला इंग्रजी शब्दांचे अर्थ कसे सांगावेत?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी मराठी शाळेत तिसरीला आहे, रोज दहा शब्द अर्थासकट पाठ करते, विचारले की धडाधड सांगते. पण वाक्य करताना अडते आणि परवा 'दार लाव'चं तिनं 'पुट द डोअर' केलं. मी कोल्हापुरात राजारामपुरीत लहान मुलांच्या शिकवण्या घेते, बरीच वर्षं. मला तरी यात मुलीचा दोष दिसत नाही. एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द लिहायची ती वही आधी बंद करा.

तिचं 'लाव'च घ्या. आपण दार लावतो, दिवा लावतो, गजर लावतो, अंगणात रोप लावतो. इंग्रजीत दार क्लोज, दिवा स्विच ऑन, गजर सेट आणि रोप प्लांट. वहीत 'पुट म्हणजे लावणे' लिहिलं होतं, तिनं इमानदारीनं तेच वापरलं. उलट बाजूनंही तसंच होतं. कोल्ड म्हणजे थंड एवढंच ठाऊक असलेलं मूल 'आय हॅव अ कोल्ड'पाशी थबकतं, कारण तिथं सर्दी झालेली असते. म्हणून सुटा शब्द देऊच नका. 'क्लोज द डोअर' म्हणा आणि तिला उठून दार लावायला सांगा. मग दिव्याचं बटण.

बॉरो आणि लेंडमध्ये तर मोठी मुलंही गडबडतात. शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर आपण बॉरो केली आणि काकूंनी लेंड केली. उसनं घेणं वेगळं, उसनं देणं वेगळं, हे मराठी बोलणाऱ्या मुलाला आधीच कळलेलं असतं. खरीच वाटी घ्या, एकदा तिला काकू करा, एकदा तुम्ही व्हा. करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक आणलंत तर तेव्हाही तिच्याकडून वदवून घ्या की हे बॉरो केलंय, परत द्यायचंय.

नात्यांचे शब्द जरा सावकाश. अंकल म्हणजे काका म्हटलं की 'मग मामा?' हा प्रश्न येतोच. लग्नाचा अल्बम काढून एकेकाचा चेहरा दाखवत सांगा.

आपलं स्वतःचं इंग्रजी कच्चं आहे, असं तुम्ही लिहिलंय. आपल्या पिढीतले मराठी शाळांतले बहुतेक जण पाचवीपासून इंग्रजी शिकले. पहिलीपासून ते २००० साली आलं. पण अर्थ पोचवायला तुमचं घरातलं मराठीच लागतं आणि ते तुमच्याकडे भरपूर आहे.

शब्दकोश आत्ता नको. पाचवी-सहावीत इंग्रजी-इंग्रजी घ्या, तोही भाषा शिकणाऱ्यांसाठी केलेला. लाँगमनच्या १९७८ च्या कोशात अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिले होते, तर १९८७ च्या कोबिल्ड या कोशानं अर्थ पूर्ण वाक्यात द्यायची पद्धत आणली. दुकानात उभ्या उभ्या 'बॉरो' उघडून बघा. परत देण्याचा उल्लेख असेल आणि अर्थातले शब्द मुलीला वाचता येत असतील, तर घ्या. तोवर दिवसाला दहाऐवजी तीनच शब्द द्या, पण प्रत्येकाची दोन-तीन वाक्यं तिला स्वतःच्या तोंडानं बोलू द्या.