थोरियम आणि ॲसिटिलॲसिटोन: स्फटिकांऐवजी पांढरा साका का पडतो?

थोरियम नायट्रेटच्या द्रावणात ॲसिटिलॲसिटोन (दोन ऑक्सिजननी धातूला धरणारं सेंद्रिय संयुग) घालून तुम्ही अमोनिया ओतलात आणि स्फटिकांऐवजी जेलीसारखा पांढरा साका पडला. शिवाय संयुगाला रंग नाही, चुंबकीय मापनात काही मिळत नाही, मग कोऑर्डिनेशन नंबर (मधल्या धातूला थेट जोडलेल्या अणूंची संख्या) सहा कसा दाखवायचा, असंही विचारलंत.

आधी साक्याचं. तो बहुधा थोरियम हायड्रॉक्साइड आहे. चार धनभारामुळे थोरियमचा आयन पाण्यातल्या ऑक्सिजनला इतका घट्ट धरतो की पाण्याचे प्रोटॉन सहज सुटतात. पीएच साडेतीनच्या आसपास गेला की हायड्रॉक्साइड पडू लागतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मीही अमोनिया एकदम ओतला होता. थेंब पडला तिथेच पांढरी गाठ धरली, ढवळूनही विरघळेना, आणि फिल्टर पेपर असा चोंदला की संध्याकाळपर्यंत गाळण उतरलं नाही. म्हणून ॲसिटिलॲसिटोन जास्त घ्या, आधी ते द्रावणात नीट मिसळू द्या, आणि अमोनिया अगदी पातळ करून थेंबाथेंबाने, सतत ढवळत घाला. हाती आलेला पदार्थ वाळवून चिमूटभर क्लोरोफॉर्ममध्ये टाका. चिलेट, म्हणजे ॲसिटिलॲसिटोनने थोरियमला धरून बनलेलं हवं ते संयुग, विरघळतं; हायड्रॉक्साइड तसंच तळाशी राहतं.

आता रचना. इथे निकल-कोबाल्टची सवय, म्हणजे रंग आणि चुंबकत्वावरून रचना ओळखणं, बाजूला ठेवावी लागते. Th⁴⁺ मध्ये (चार धनभारांच्या थोरियम आयनात) 5f आणि 6d हे इलेक्ट्रॉनांचे दोन्ही कप्पे रिकामे, म्हणून रंग नाही आणि अयुग्मित इलेक्ट्रॉनही नाहीत. क्रिस्टल फील्डची ऊर्जा (भोवतालच्या अणूंमुळे d-इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत पडणारा फरक) भूमिती ठरवतच नाही. या मोठ्या आयनाभोवती किती ऑक्सिजन दाटीवाटीने मावतात, यावर सगळं ठरतं. चार ॲसिटिलॲसिटोनेट बसले की आठ ऑक्सिजन होतात, चौकोनी अँटिप्रिझम, म्हणजे एकमेकांवर पिळून ठेवलेले दोन चौकोन. नायट्रेटचे दोन ऑक्सिजन एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे ते आणखी मावतात: थोरियम नायट्रेटच्या पेंटाहायड्रेटमध्ये चार नायट्रेट आणि तीन पाणी मिळून अकरा, हेक्झानायट्रेट आयनात बारा. पाच कार्बोनेट लागले की दहा. हा बारा मला आजही विलक्षण वाटतो. तेव्हा सहा सिद्ध करायच्या मागे लागू नका.

पुराव्यासाठी थोरियमचं प्रमाण काढा: पीएच 2 ते 3 ठेवा, झायलेनॉल ऑरेंज हे रंगसूचक घाला, ईडीटीएने (धातूला घट्ट बांधणारं संयुग) टायट्रेट करा, लाल जाऊन पिवळा झाला की थांबा. शुद्ध Th(acac)₄ मध्ये (acac म्हणजे ॲसिटिलॲसिटोनेट) थोरियम 36.9 टक्के यायला हवं. आयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) चिलेटचे पट्टे 1600 सेमी⁻¹ च्या खाली सरकलेले दिसतील. 1384 ला टोकदार पट्टा आला तर नायट्रेट धुतलं गेलेलं नाही, पुन्हा धुवा.

आणि एक कळकळीने सांगतो: हे सगळं फ्यूम हूडमध्येच करा. वाळलेली पूड उडू देऊ नका. थोरियम अल्फा किरण सोडतं आणि श्वासातून फुप्फुसात गेलं तर तिथेच बसतं. धुतलेलं पाणीही बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवा.