रोजच्या जीवनात आणि कामाच्या ठिकाणी संवाद कसा सुधारावा?

बोलण्याचे कौशल्य कमी पडल्यामुळे संवाद बिघडतो असे आपण धरून चालतो. माझ्या मते तो बहुतेकदा आपल्या मनातले समोरच्यालाही ठाऊक आहे या गृहीतकामुळे बिघडतो. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेल्या प्रयोगात काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवला आणि ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील असा अंदाज बांधला. प्रत्यक्षात 120 पैकी अवघी 3 ओळखली गेली, कारण चाल वाजवणाऱ्याच्या डोक्यात घुमत होती आणि ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक पडत होती.

"ते काम जरा लवकर बघा" हा कार्यालयातला निरोप म्हणजे अशीच टकटक असते. "अहवालातला फक्त खर्चाचा तक्ता तपासून गुरुवारी दुपारी 4 पर्यंत मला पाठवा" असे म्हटले की कोणते काम, किती आणि केव्हापर्यंत, हे विचारायला कोणाला परत यावे लागत नाही. महत्त्वाचे बोलणे झाल्यावर "समजले का?" असे विचारू नये, कारण संकोचापोटी "हो" हेच उत्तर मिळते, त्याऐवजी "सुरुवात कशापासून कराल?" असे विचारावे.

ऐकताना मनातल्या मनात उत्तराची जुळवाजुळव न करता समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत एकदा सांगून पाहावे (हे मला स्वतःला, विशेषतः घरी, अजून पुरते जमलेले नाही). रागाच्या भरात लिहिलेला ईमेल मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचल्याशिवाय पाठवू नये.