एसी-१२ मध्ये थेट भरती होते का?

पत्र: मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली, बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी ‘लाइन ऑफ ड्युटी’ ही ब्रिटिश मालिका बघितली, सहाही सीझन. खुनाचे तपास, त्या तपासांत गडबड करणारे अधिकारी आणि त्यांना पकडणारं पोलिसांचंच एसी-१२ हे पथक. काचेच्या खोलीत समोरासमोर बसून, एकेक कागद पुढे सरकवत केलेली ती चौकशी बघून वाटलं, मला हेच करायचंय. आपल्याकडे असं पथक आहे का? त्यात थेट भरती होते का? पप्पा पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, “वर्दीत गेलीस तर एकतर हात बरबटतील, नाहीतर बदल्या खात फिरशील. त्यापेक्षा बी.एड. कर.” ते असं बोलले की मला पुढे बोलवत नाही. काय करू?

उत्तर:

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते ‘एकेक कागद पुढे सरकवत’ या चार शब्दांसाठी. त्या मालिकेत गोळीबार आहे, पाठलाग आहेत, धक्के तर दर भागात आहेत. तुझ्या मनात राहिला तो कागद. मुलांच्या पत्रात मी अशाच गोष्टी शोधत असते, कारण पोलिसात जायचंय म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जण मला गाडी, रुबाब आणि खांद्यावरचे स्टार यांबद्दल लिहितात.

आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर. महाराष्ट्रात असा विभाग आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, सगळे त्याला एसीबी म्हणतात. १०६४ हा त्यांचा टोल फ्री नंबर तू सरकारी कचेऱ्यांच्या भिंतीवर पाहिला असशील. तलाठ्यापासून पोलीस अधिकाऱ्यापर्यंत कुठल्याही लोकसेवकावर ते कारवाई करतात. पण तिथले तपास अधिकारी थेट भरतीने येत नाहीत. पोलीस दलातूनच ठरावीक काळासाठी प्रतिनियुक्तीवर येतात आणि परत जातात. म्हणजे त्या खुर्चीकडे जाणारा रस्ता साध्या पोलीस ठाण्यातून जातो. एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक, नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण, मग ठाणं, गस्त, गणपतीचा बंदोबस्त, नवराबायकोची भांडणं, हरवलेल्या म्हशी. यातली वर्षं काढल्यावर कधीतरी एसीबी. कुठल्याही क्लासच्या पत्रकात याहून जवळचा रस्ता छापलेला दिसला तर तो बाजूला ठेव.

थेट जवळ नेणारी वाट त्यातल्या त्यात एक आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या कम्बाइन्ड ग्रॅज्युएट लेव्हल परीक्षेतून सीबीआयमध्ये उपनिरीक्षक होता येतं. सीबीआयच्या भ्रष्टाचारविरोधी शाखा मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, आणि खुनासारखे गुन्हे तपासणाऱ्या वेगळ्या शाखाही आहेत. वयोमर्यादा साधारण २० ते ३०, मुलींना उंची १५० सेंमी लागते. एमपीएससीच्या उपनिरीक्षक पदाला १५७ सेंमी लागते. तुझी उंची तू लिहिली नाहीस. आज भिंतीला टेकून मोज, कारण दोन परीक्षांपैकी एक तिथेच गळू शकते. तीन वर्षं अभ्यास करून शेवटी सेंटिमीटरने हरलेली मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत. आरक्षणाप्रमाणे मिळणारी वयाची सवलत प्रत्येक वेळी त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच तपासायची.

आता कामाकडे येऊ. तू केमिस्ट्रीची, म्हणून तुला हे सांगायला मला विशेष आवडेल. टायट्रेशनला तू जे फिनॉल्फ्थॅलीन वापरतेस, तेच एसीबीच्या सापळ्यात असतं. तक्रारदार आला की आधी पडताळणी होते: समोरचा खरंच पैसे मागतोय का, हे पंचासमोर, आवाज रेकॉर्ड करून बघतात. मग नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवतात आणि नोटांना पावडर लावतात. तक्रारदाराला बजावतात की मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. पैसे घेतले, इशारा झाला, पथक आत शिरलं की त्या माणसाची बोटं सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. द्रावण गुलाबी होतं. आपल्या महाराष्ट्रात अँथ्रासीन पावडरही वापरतात, ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तू जे पाठ केलंस, त्याने एखाद्याची नोकरी जाते आणि एखाद्याची अडवलेली जमीन मोकळी होते.

पण गुलाबी रंगावर शिक्षा होत नाही. नोटा सापडणं पुरेसं नाही, लाच मागितली होती हे सिद्ध व्हावं लागतं. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तो पुरावा उभा राहतो पडताळणीच्या वेळी कुणी काय, किती वाजता, कोणासमोर लिहिलं यावर. परत कागदच.

तुला आवडलेली ती काचेची खोली मात्र आपल्याकडे नाही, आणि त्याचं कारण समजून घे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यानंतर आरोपीची चौकशी टेप करायची पद्धत पक्की झाली, आणि ती टेप कोर्टात पुरावा म्हणून चालते. म्हणून तिथे चौकशीच्या टेबलावर खटला जिंकता किंवा हरता येतो. आपल्या कायद्यात पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. पूर्वी तो एव्हिडन्स ॲक्ट होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आहे, तत्त्व तेच राहिलं. मारहाण करून कबुली काढायचा मोह होऊ नये म्हणून ही भिंत बांधलेली आहे. आरोपीने सांगितल्यावरून विळा विहिरीतून निघाला तर तेवढा भाग चालतो, त्यासाठी मेमोरंडम पंचनामा करावा लागतो. बाकी सगळं तुला बाहेरून जमवावं लागणार: पंच, मुद्देमाल, सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

माझ्याकडे दहावीपासून येणारी एक मुलगी आज उपनिरीक्षक आहे. तिच्या पहिल्या खुनाच्या गुन्ह्याबद्दल तिने मला फोनवर तासभर सांगितलं होतं. उसाच्या फडात प्रेत, रात्रीचे दोन, पाऊस. पंच व्हायला गावातलं कुणी तयार नाही, कारण पंच झालं की कोर्टाच्या चकरा. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याला आणि एका दूधवाल्याला तिने हातापाया पडून उभं केलं. मग रक्तमिश्रित माती एका पुडीत आणि तुलनेसाठी थोड्या अंतरावरची साधी माती दुसऱ्या पुडीत. दोन्हींवर पंचांच्या सह्यांची लेबलं, दोरा, लाख, पितळी शिक्का. वारा इतका की मेणबत्ती टिकेना आणि लाख वितळेना. तिच्या हाताखालचा जुना हवालदार म्हणाला, “मॅडम, राहू दे, सकाळी ठाण्यात बसून लावू सील. आत्ता लावलं असं लिहू.” तो वाईट माणूस नव्हता. चोवीस तास जागा होता. ती म्हणाली, नाही, इथेच. रेनकोटचा आडोसा करून त्यांनी तीन वाजता ती सीलं लावली. दोन वर्षांनी कोर्टात आरोपीच्या वकिलाने तिला पाऊण तास फक्त त्या सीलबद्दल उलटसुलट विचारलं.

मला वाटतं, तुझ्या पप्पांच्या वाक्याचं उत्तर इथे कुठेतरी आहे. हात बरबटतात ते पहिल्यांदा पैशाने क्वचितच. पहिल्यांदा बरबटतात ते ‘सकाळी लावू, आत्ता लावलं असं लिहू’ या वाक्याने. मालिकेचा पहिलाच भाग आठव. चुकीच्या घरात शिरलेल्या पथकाच्या गोळीने निरपराध माणूस मेला, आणि साहेब म्हणाले, सगळ्यांनी एकच जबाब द्या. स्टीव्ह आर्नट नाही म्हणाला, म्हणून तो एसी-१२ मध्ये आला. आणि शेवट आठव. २ मे २०२१ ला सहाव्या सीझनचा शेवटचा भाग लागला तेव्हा अनेक प्रेक्षक हिरमुसले होते, कारण इतकी वर्षं ज्याला शोधत होते तो बडा सूत्रधार निघाला बकल्स, सगळ्यांनी बिनकामाचा म्हणून सोडून दिलेला अधिकारी, आणि तो सापडला एका शब्दाच्या चुकीच्या स्पेलिंगमुळे. मला तो शेवट मालिकेतला सर्वांत खरा वाटतो.

खरा का, तर लंडनमध्येच घडलेलं आहे. १० मार्च १९८७ रोजी डॅनियल मॉर्गन या खाजगी गुप्तहेराचा दक्षिण लंडनमधल्या एका पबच्या मागे, पार्किंगमध्ये कुऱ्हाडीने खून झाला. एकामागून एक तपास झाले, खुनासाठी आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही. तो सीझन संपल्यावर दीड महिन्यातच, १५ जून २०२१ ला, स्वतंत्र समितीचा हजारावर पानांचा अहवाल आला. लंडन पोलिसांनी स्वतःचं नाव वाचवायला चुका लपवल्या, हा संस्थात्मक भ्रष्टाचार आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि सुरुवात कुठून झाली? घटनास्थळाची नीट झडती घेतली नाही, तिथे पहाराही ठेवला नाही. त्या पहिल्या रात्रीची भरपाई पुढे कुणालाच करता आली नाही. भावाला न्याय मिळावा म्हणून ॲलिस्टर मॉर्गन चौतीस वर्षं लढत होते तेव्हा तो अहवाल हातात आला.

म्हणून पप्पा चूक बोलतात असं मी तुला सांगणार नाही. बदल्या खऱ्या आहेत. ‘वरून फोन आलाय’ हेही खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांच्या बदल्या आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी यंत्रणा उभारायला सांगितलं, महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण उभं राहिलं. कागदावरून ठाण्यात उतरायला या गोष्टींना वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात तुझ्या पप्पांसारख्या माणसांची अख्खी नोकरी निघून जाते. ते तुझ्यावर चिडलेले नाहीत. काहीतरी आठवून बोलत आहेत.

‘जाऊ का नको’ हे त्यांना आत्ता विचारू नकोस, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. ठाणे अंमलदार असताना स्टेशन डायरी कशी लिहायचे, ते विचार. रात्रपाळीत कशाची नोंद करायचे, कशाची करू नका म्हणून सांगितलं जायचं, तेव्हा काय केलं. चहा घेऊन बस आणि वही जवळ ठेव. ज्या माणसाला वर्दीबद्दल इतका राग आहे, त्याने कुठल्यातरी पानावर कधीतरी हात आखडता घेतलेला असणार. ती गोष्ट घरात आजवर कुणी विचारलेली नसेल.

माझं स्वतःचं मत हवं असेल तर: प्रयत्न कर, पण तारखा लिहून. पदवीनंतर उपनिरीक्षक आणि सीबीआय या दोन्हींची तयारी बरोबर होते, अभ्यासक्रमाचा काही भाग सारखा आहे. दोन पूर्ण प्रयत्न, म्हणजे धरून चाल साधारण अडीच वर्षं. वय हाताशी आहे म्हणून पाचवा-सहावा प्रयत्न करत सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवर तरुणपण घालवू नकोस.

आणि केमिस्ट्री सोडू नकोस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय. राज्यं ते टप्प्याटप्प्याने लागू करत आहेत, त्यामुळे माणसं लागणार. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं केंद्र गोव्यातही आहे. तिथून एम.एस्सी. करता येतं. मुंबईत कलिन्याला असलेल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा संचालनालयाच्या प्रयोगशाळांमध्ये वैज्ञानिक सहायक पदाला रसायनशास्त्राची पदवी चालते. ठाण्यातून आलेली ती मातीची पुडी तिथेच उघडतात, सील आधी तपासतात. पुडीच्या त्या टोकाला बसणंही तपासच आहे, आणि उंची विचारत नाहीत. उपनिरीक्षक झाली नाहीस म्हणून नाइलाजाने तिकडे गेलीस असं मात्र करू नकोस. दोन्हींपैकी कुठली खुर्ची तुझी, ते आधी बघ.

ते बघायची एक फुकट जागा आहे. साताऱ्याच्या जिल्हा व सत्र न्यायालयात खुनाचे खटले उघड्या कोर्टात चालतात, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. फोन बंद ठेव, साधे कपडे, बोलायचं नाही. तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी कधी आहे ते तिथल्या शिरस्तेदारांना नम्रपणे विचार. पप्पांची जुनी ओळख असेल तर तेही सांगू शकतील, आणि जमलं तर त्यांनाच बरोबर घेऊन जा. मालिकेतला पंचवीस मिनिटांचा प्रसंग तिथे दोन दिवस चालेल. वकील एकच प्रश्न सात वेळा विचारेल, टायपिस्ट अडखळेल, पंखा आवाज करेल, अधिकारी घाम पुसत म्हणेल, “खरे आहे की तशी नोंद पंचनाम्यात नाही.” हे वाक्य नीट ऐक. ते ऐकून तुला कंटाळा आला की पोटात कालवाकालव झाली, एवढंच मला पुढच्या पत्रात लिही. सोबत उंचीही लिही.